पोरगी आयटीत लागली, पण टिकणार कशी? घर, लोकल आणि ऑफिस, तिन्हीकडचा हिशेब

मुरबाड/कल्याण : पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत कुठल्याही शेतावर जाऊन बघा. चिखलात वाकून भाताची रोपं लावणाऱ्यांत बहुतेक बायकाच दिसतील. त्याच शेताचा सातबारा काढला, तर नावं बहुतेक पुरुषांची. राबणारी एक आणि मालकीच्या रकान्यात दुसराच, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की कुणी त्याबद्दल बोलतही नाही.

काचेच्या इमारतीतल्या, एसीत बसून काम करायच्या आयटी कंपन्यांत हा प्रकार नसेल, असं वाटतं. तिथे तर शिक्षण बघतात, परीक्षा घेतात, पोरगा की पोरगी हे कोण बघतो? हे निम्मं खरं आहे. दार पोरींसाठी उघडं आहे. अडचण सुरू होते ती आत गेल्यावर, चार-पाच वर्षांनी. आणि त्या अडचणीची मुळं ऑफिसात जितकी आहेत, तितकीच घरात आणि रस्त्यावरही आहेत.

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ, कल्याण या तालुक्यांतल्या कित्येक मुली आज कॉम्प्युटरचं शिक्षण घेत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

आपल्याजवळची आयटी कुठे आहे?

आयटी म्हटलं की लोकांना बंगळुरू नाहीतर पुण्याचं हिंजवडी आठवतं. पण आपल्या ठाणे जिल्ह्यातच हे मोठं क्षेत्र उभं आहे. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापे एमआयडीसीतलं मिलेनियम बिझनेस पार्क, ठाण्यातलं वागळे इस्टेट इथे अनेक कंपन्यांची ऑफिसं आहेत. टीसीएसची ठाण्यात पोखरण रोड आणि घोडबंदर रोड भागात मोठी केंद्रं आहेत. कॅपजेमिनीचं मोठं केंद्र ऐरोलीत आहे. एकेकाळी या पट्ट्यात रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते. आता त्याच जागांवर कॉम्प्युटरची कामं चालतात.

या कंपन्यांत सकाळ-संध्याकाळ जाणारी माणसं मोठ्या संख्येने कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा या बाजूची आहेत. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेल्या मुली दिसतात, त्या याच.

शंभरात किती बाया?

देशातल्या आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम. तिच्या हिशेबाने २०२२-२३ साली या क्षेत्रात साधारण ५४ लाख माणसं कामाला होती आणि शंभरात ३६ महिला होत्या. टीसीएसमध्येही महिलांचं प्रमाण साधारण ३५-३६ टक्के आहे. सहा लाखांच्या आसपास माणसं असलेली कंपनी, म्हणजे तिच्याकडे एकटीकडेच दोन लाखांहून जास्त महिला नोकरीला आहेत.

३६ म्हणजे कमी की जास्त? बी.टेक. शिकणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत मुली साधारण २९ आहेत. कंपन्या बी.एस्सी., बी.सी.ए., एम.सी.ए. झालेल्या मुलीही घेतात, म्हणून नोकरीतला आकडा त्याहून मोठा दिसतो. अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांत महिला साधारण चौथा हिस्सा आहेत. म्हणजे नोकरीला लागण्यात आपल्या मुली अमेरिकेच्याही पुढे आहेत.

पण हा आकडा सगळ्या मजल्यांवर सारखा नाही. नवीन भरतीत मुली भरपूर असतात. टीम लीडर, मॅनेजर, त्याच्यावरचा साहेब असं वर चढत जाऊ तशा त्या कमी होत जातात. अपवाद आहेत. २०११ साली कॅपजेमिनीच्या भारतातल्या कारभाराची सूत्रं अरुणा जयंती यांच्याकडे आली. २०२० साली रोशनी नाडर मल्होत्रा एचसीएल टेक्नॉलॉजीजच्या अध्यक्ष झाल्या. शेअर बाजारात नोंद असलेल्या भारतीय आयटी कंपनीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. पण अशी नावं बोटावर मोजावी लागतात, यातच सगळं आलं.

‘बायकांचं काम नाही’ हे कुणी ठरवलं?

‘कॉम्प्युटर, कोडिंग हे पोरांचं डोकं,’ असं अजूनही कानावर येतं. इतिहास मात्र उलटा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९४६ साली एनियाक नावाचा, खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर जगापुढे आणला गेला. त्याला गणितं घालून चालवायचं काम, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रामिंग, सहा महिलांनी केलं होतं. पण कौतुक झालं ते यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचं. या सहाजणींची नावं पुढे यायला कित्येक वर्षं गेली. त्याआधी ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरत, आणि या कामावर बऱ्याच ठिकाणी बायकाच असत. पुढे या कामात पैसा आणि मान आला, तसं ते पुरुषांचं झालं.

त्याच फिलाडेल्फियात साठ वर्षं आधी, १८८६ साली, आपल्या कल्याणची लेक आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली होती. तेव्हाही गावाने नावं ठेवलीच होती.

आपल्याकडचं १९७४ सालचं उदाहरण तर अनेकांना माहीत असेल. टेल्कोने इंजिनिअर हवेत अशी जाहिरात काढली. खाली लिहिलं होतं, महिलांनी अर्ज करू नये. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं आणि नोकरीही मिळाली. टेल्कोतली ती पहिली महिला इंजिनिअर. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या.

आता अशी जाहिरात कुणी काढणार नाही. समान कामाला समान पगार द्यायचा आणि भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही, हा कायदा १९७६ सालीच झाला. पण जे जाहिरातीत लिहिता येत नाही, ते मनात राहू शकतं.

मनातली जाहिरात

ती अशी बाहेर येते. मुलाखतीत मुलाला विचारतात, पाच वर्षांनी कुठे असाल? मुलीला विचारतात, लग्नाचं काय ठरलंय? लग्न झालेलं असेल तर, मुलाबाळांचा विचार कधी?

काम वाटतानाही फरक होतो. अवघड, नवं, ज्यातून नाव होतं असं काम पोरांकडे. तपासणीचं, कागदपत्रांचं, ‘नीटनेटकं’ काम पोरींकडे. तेही काम लागतंच, कमी दर्जाचं नाही. पण बढतीच्या वेळी विचारतात, मोठं प्रोजेक्ट कोणतं केलंत? जे दिलंच नाही ते ती कुठून दाखवणार?

मीटिंगमध्ये बाईने सांगितलेली गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी होते, आणि तीच पाच मिनिटांनी पुरुषाने सांगितली की ‘वा, छान’. वाढदिवसाचा केक, निरोप समारंभ, पाहुण्यांचं चहापाणी हे न सांगता बाईच्या गळ्यात पडतं. ती कडक बोलली तर ‘तापट’, तो कडक बोलला तर ‘खमक्या’. बाळंतपणाहून परत आली की ‘आता तिला झेपेल का?’ असं म्हणून परस्पर हलकं काम देतात. विचारतच नाहीत. देणाऱ्याला वाटतं आपण सोय केली. तिची मात्र दोन वर्षं मागे जातात.

यात शिवी नाही, अंगाला हात नाही. म्हणून तक्रार कशाची करायची, हेच कळत नाही. रोज थोडं थोडं झिजत जातं.

रात्रीचं काम का असतं?

गावात सगळ्यात जास्त कुजबुज होते ती यावर. ‘एवढ्या रात्रीपर्यंत कसलं ऑफिस?’

कारण सोपं आहे. या कंपन्यांची बरीचशी गिऱ्हाईकं अमेरिकेत आणि युरोपात आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. गिऱ्हाईक ऑफिसात येऊन बसलं की त्याच्याशी बोलावं लागतं. दूध घालायला डेअरीच्या वेळेला जावं लागतं, तसंच हे.

आता समजा, मुरबाड तालुक्यातल्या एका गावची मुलगी ऐरोलीला कामाला आहे. सकाळी एसटीने कल्याण. तिथून लोकलने ठाणे. ठाण्याला जिने चढून-उतरून वाशी-पनवेलच्या फलाटावर. मग ऐरोली, आणि तिथून रिक्षा किंवा पायी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार होतो. पण वेळ अर्धा होत नाही. रात्री नऊला फोन संपला, तर पुन्हा हाच सगळा प्रवास उलटा. कल्याणला उतरल्यावर गावाकडची गाडी मिळेल का, हा घोर असतोच.

लोकलची गर्दी सांगायलाच नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्याला गाडी बदलायला लागू नये म्हणून कळवा ते ऐरोली असा उन्नत मार्ग ठरला होता. त्यातलं दिघे गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण मधली जोडणी घरांच्या पुनर्वसनावर अडून राहिली. ही जोडणी बाईच्या नोकरीचाही प्रश्न आहे, हे कुणी मोजत नाही. रोजचा अर्धा तास वाचला, तरी एखादीची नोकरी वाचते.

घरी गेल्यावर दुसरी पाळी

सरकारने २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालतात. घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाई पावणेपाच तासांहून जास्त, पुरुष दीड तासही नाही. नोकरी, प्रवास आणि वर हे.

याचा पुरावा टीसीएसच्याच हिशेबात सापडतो. करोनाच्या काळात सगळे घरून काम करत होते. नंतर ऑफिसला बोलावणं सुरू झालं. २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात कंपनीने सांगितलं, की एरवी नोकरी सोडण्यात महिला पुरुषांच्या बरोबरीने किंवा कमीच असतात, पण यंदा महिला जास्त गेल्या. घरून काम बंद होणं हे त्यामागचं एक कारण असावं, असं कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनीच म्हटलं.

म्हणजे त्या बायकांना काम येत नव्हतं असं नाही. दोन-तीन वर्षं त्यांनी तेच काम घरून करून दाखवलं होतं. फक्त प्रवासाचे तास पुन्हा वाढले, आणि घरातली कामाची वाटणी मात्र होती तीच राहिली.

कायदा काय देतो?

बऱ्याच घरांत हे माहीत नसतं, म्हणून मुली गप्प बसतात किंवा नोकरी सोडतात. मुद्द्याने सांगायचं तर :

रात्रपाळी : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिलेला सकाळी ७ ते रात्री ९.३० या वेळेबाहेर तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती दिली तरी तिच्या सुरक्षेची आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत गाडीची जबाबदारी कंपनीची. ‘स्टेशनपर्यंत सोडतो’ हे चालत नाही. ही काळजी उगाच नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीसाठी लावलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला होता.

छळाची तक्रार : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. समिती नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. घाणेरडे विनोद, नको ते मेसेज, अंगलट येणं, ‘माझं ऐकलंस तर बढती’ असं सुचवणं हे सगळं यात येतं. कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच धरतात. कंत्राटी आणि शिकाऊ मुलींनाही हा कायदा लागू आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. त्या काळात मुलगी बदली किंवा रजा मागू शकते. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या वेबसाइटवर मोबाईलवरूनही तक्रार नोंदवता येते.

‘नाव बाहेर येईल, लग्नाला अडचण येईल,’ ही भीती आईबापांना असते. तक्रार करणारीचं नाव-पत्ता जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

सगळीकडे हे नीट चालतं असं मात्र नाही. गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र नाराजी दाखवली. दहा वर्षं होऊनही कित्येक ठिकाणी समित्याच नाहीत, असं दिसून आलं होतं.

बाळंतपण : पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, तिसऱ्यापासून १२ आठवडे. त्याआधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं हवं. या रजेवर असताना नोकरीवरून काढता येत नाही. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. काम घरून होण्यासारखं असेल, तर रजेनंतर आपसात ठरवून तेही मागता येतं.

शिक्षण : वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून घेतलेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. बारावीनंतर थेट मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरण्याआधी हे नक्की तपासा.

घराने काय करायचं?

ऑफर लेटर हातात आलं की पेढे वाटतो. त्याच दिवशी मुलीने कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात. शिफ्ट कोणत्या? रात्री उशीर झाला तर गाडी दारापर्यंत येते का? अंतर्गत समितीत कोण कोण आहे? आठवड्यातले किती दिवस घरून काम करता येतं? हे विचारल्याने कोणी नोकरी काढून घेत नाही. चांगल्या कंपनीत याची उत्तरं तयार असतात. जिथे टाळाटाळ होते, तिथे काय आहे तेही कळतं.

सुरुवातीची वर्षं कल्याण, डोंबिवली किंवा ऐरोलीत चार मुलींनी मिळून खोली घेऊन राहणं, ही मौजमजा नव्हे. रोजच्या प्रवासाचे चार-पाच तास वाचवायचा तो साधा उपाय आहे. मुलगा पुण्याला खोली करून राहिला तर त्याला ‘कर्तबगार’ म्हणतो. मुलीलाही तोच शब्द लावायला काय हरकत आहे?

सून बघतानाही ‘नोकरीवाली हवी’ असं सगळेच सांगतात. मग ती रात्री दहाला घरी आल्यावर भाकऱ्या कुणी करायच्या, हेही लग्नाआधीच बोलून घ्यायला हवं. ज्या घरात मुलगा लहानपणापासून भांडी घासतो, कुकर लावतो, त्या घरातली सून नोकरी सोडायच्या गोष्टी कमी करते. आणि तोच मुलगा उद्या आयटीत टीम लीडर झाला, तर टीममधल्या पोरीला विचारल्याशिवाय हलकं काम देणार नाही.

आडवेळी अडचण आली तर पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१ आणि रेल्वेसाठी १३९ हे नंबर मुलींच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. बापाचा नंबर तर असतोच. तो रात्री अकरालाही उचलला जाईल आणि पलीकडून आधी ओरडा बसणार नाही, एवढी खात्री तिला असली की निम्मं काम झालं.